अर्ध्या तासाची परवानगी

२०१६ साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, मुलाला नाही. देवापुढं उभा राहिलो की तोंडाशी येतं, पण मग दुसरंच काहीतरी मागून परत फिरतो. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगायची छाती मला या जन्मात होणार नाही.

नात दर्शनाची जुनी वही घेऊन बसलोय. मागची पानं कोरी आहेत. आज तिसऱ्यांदा बसलो. दोनदा उठलो — एकदा कोंबड्या हाकलायला, एकदा उगाच. अंगणात कोंबडी नव्हतीच. असंच चाललंय.

मी चौथी शिकलो. पाचवीला शाळा लांब होती, आणि बाप म्हणाला, हात आहेत ना. मग चाळीस वर्षं बोर्डीच्या बाजूला एका शेठच्या चिकूच्या वाडीत काम केलं. चिकू झाडावर पिकत नाही. हातात धरून नखानं जरा खरवडायचा — आत हिरवं दिसलं तर ठेवायचा, पिवळट दिसलं तर उतरवायचा. लांब काठीला जाळी लावून उतरवायचा, खाली पडू द्यायचा नाही. पडला की तो पेटीत जात नाही. शेठ शिकलेले होते, इंग्रजीत ओरडायचे. स्लोली. सॉफ्टली. केअरफुली. पहिल्या वर्षी मला वाटायचं शिव्या देतात. मग कळलं, काम कसं करायचं ते सांगतात. स्लो म्हणजे हळू. त्याला ली लावला की हळू कर.

हे मला कुणी शिकवलं नाही. माझं मी ओळखलं. चौथी शिकलेल्या माणसानं, झाडाखाली उभं राहून. त्याचा मला किती अभिमान होता, ते तुम्हाला आधी कळायला हवं — नाहीतर पुढचं कळणार नाही.

शेठकडे मुंबईचे पाहुणे यायचे. जेवणं झाली की शेठ हाक मारायचे. 'लक्ष्मण, इथं ये ने. सांग जरा, चिकू कसा तोडायचा?' मी टोपी नीट करून उभा राहायचो आणि म्हणायचो — स्लोली, सॉफ्टली, केअरफुली, गुडली, फास्टली. पाहुणे हसायचे. टाळ्या वाजवायचे. एक बाई तर डोळ्यांतलं पाणी पुसायची. मला चहा कपबशीतून मिळायचा, बाकीच्यांना पेल्यातून. मी तो चहा सगळ्यांना दिसेल असा उभा राहून प्यायचो.

पाड्यावर माझी किंमत होती ती यामुळं. आमचा पाडा वेवजीच्या पलीकडे, गुजरातची हद्द चालत गाठता येईल इतकी जवळ. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, कंपनीच्या गेटावर काय लिहिलंय — माझ्याकडे यायचे. मला सगळं येत होतं का? नाही. पण मी कधी 'येत नाही' म्हणालो नाही. तो शब्द माझ्या तोंडातून निघतच नाही. आजही.

मुलगा उंबरगावला कंपनीत. पहाटे जातो, अंधार पडल्यावर येतो. म्हणून शाळेत पालक म्हणून माझं नाव, आणि शाळेच्या समितीचा अध्यक्षही मीच झालो. दुसरं कुणी तयार नव्हतं असं लोक म्हणतात. म्हणू देत.

आता मनीषाबाईंचं सांगतो. सांगायलाच बसलोय, तर किती लांबवायचं?

त्या चिंचणीच्या. वडील होडीवर होते, ते वारलेले. आई दम्यानं आजारी. वय पंचवीस-सव्वीस. शाळेत त्यांना सहा-सहा महिन्यांच्या करारावर घेतलं होतं. करार संपला की समितीनं ठराव करायचा — बाई चांगल्या आहेत, पुढं ठेवा. तो ठराव झाला नाही तर पुढचा करार नाही. म्हणजे त्यांची भाकरी आमच्या ठरावावर. माझ्या सहीवर.

शाळा साडेदहाची. बाई सातला घर सोडायच्या. चिंचणीहून डहाणू, डहाणूहून तलासरी एसटीनं, तलासरीहून आमच्याकडे जीप. आणि जीप तुम्हाला माहीत आहे — भरल्याशिवाय हलत नाही. दहा माणसं होईपर्यंत ड्रायव्हर तंबाखू मळत बसणार. बाईंना अकरा वाजायचे. पहिल्या आठवड्यात धावत आल्या, चप्पल हातात. म्हणाल्या, 'बाबा, मी इथंच कुणाच्या घरी खोली बघते. पण आई रात्री एकटी राहील.'

मी ओट्यावर बसलो होतो. दर्शना शेजारी तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, 'खोली-बिली काही नको. आईला टाकून राहू नका. अर्धा तास उशीर झाला तर झाला. अध्यक्ष मी आहे. तोवर वर्गात मी बसतो.'

बाईंनी वाकून नमस्कार केला. पुढच्या आठवड्यात माझ्या बायकोसाठी सुके बोंबील घेऊन आल्या, वर्तमानपत्रात बांधून.

हे मी मोठ्या मनानं केलं असं तुम्हाला वाटतंय का? मलाही वाटायचं. पण खरं सांगू? तो अर्धा तास मला हवा होता. सातवीचा वर्ग, तेवीस पोरं, आणि समोर मी. खुर्चीत. हातात खडू. मी त्यांना काय शिकवणार — माझ्याकडे होतं ते एकच. ली. मी म्हणायचो, शब्द घ्या, ली लावा, झालं इंग्रजी. स्लो? पोरं ओरडायची — स्लोली. गुड? गुडली. फास्ट? फास्टली. छप्पर हलायचं. पाड्यातली पोरं मला ली-आजा म्हणायला लागली. मी वरवर रागवायचो. मनातून? मनातून मी शेठपेक्षा मोठा झालो होतो.

दोन करार असे गेले. दोन ठराव मीच पुढं होऊन केले.

मग दिवाळीच्या आधी सहामाही परीक्षा झाली. दुपारच्या सुट्टीत दर्शना इंग्रजीचा पेपर घरी घेऊन आली. एका प्रश्नात दहा शब्द दिलेले, त्यांची रूपं करायची. दहापैकी चार चूक. लाल पेनानं फुल्या. गुडलीवर फुली. फास्टलीवर फुली. मी पोरीला विचारलं, हे काय? ती म्हणाली, 'आजा, बाई म्हणतात तसं नसतं.'

सुट्टी संपून ती शाळेत गेली, तसा मीही मागोमाग उठलो. पेपर हातात, पायात चप्पलसुद्धा नाही. वर्गात शिरलो तेव्हा बाई शिकवत होत्या. मी म्हणालो, ही फुली काढा. माझ्या नातीचं उत्तर बरोबर आहे.

बाईंनी मला बाहेर बोलावून सांगायचं होतं — असं मी नंतर कितीदा स्वतःला सांगितलं. पण मी बाहेर गेलो असतो का? मीच दारात उभा राहून मोठ्यानं बोलत होतो. बाई म्हणाल्या, 'बाबा, बसा ना.' मी बसलो नाही. मग त्यांनी खडू घेतला. अगदी हळू आवाजात बोलल्या. स्लोली, केअरफुली, सॉफ्टली — हे तुमचं बरोबर आहे बाबा. पण काही शब्द ऐकत नाहीत. हॅपीला ली लावताना त्याचं शेवटचं अक्षर बदलावं लागतं. फास्ट तसाच राहतो, त्याला काही लावायचं नाही. आणि गुडचं तर पार वेगळंच होतं — वेल. गुडली असा शब्द चांगलं काम करणाऱ्याला कुणी वापरत नाही.

त्या हसल्या नाहीत. हे लिहून ठेवतो. बाई हसल्या नाहीत.

हसलं मागच्या बाकावरचं एक पोर. मग दुसरं. मग अख्खा वर्ग. कुणीतरी म्हणालं, ली-आजा नापास. आणि दर्शना — तिनं तोंडावर हात घेतला होता, पण खांदे हलत होते.

मी घरी आलो. मला राग कशाचा आला होता? चार मार्कांचा? नाही हो. मला ती मुंबईची बाई आठवली, डोळे पुसणारी. तीस वर्षं. तीस वर्षं मी टोपी नीट करून उभा राहिलो, आणि ती माणसं कशाला टाळ्या वाजवत होती ते मला त्या दुपारी कळलं. शेठ मला का बोलवायचे, ते कळलं. मी मागितलं नसताना कळलं. आणि हे ज्यांनी केलं ते लोक मुंबईत, शेठ तर वर गेलेले. समोर होत्या फक्त मनीषाबाई.

तरी मी म्हणालो, बाईच चुकत असतील. चौथ्या दिवशी डहाणूला गेलो, स्टेशनजवळच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात. सातवीचं गाइड मागितलं, नातीसाठी म्हणून. अक्षरं मला लावता येतात, पेट्यांवरची वाचून वाचून. बोट ठेवत गेलो. सापडलं. फास्टपुढं फास्ट. गुडपुढं दुसराच शब्द, बाईंनी सांगितला तोच. दुकानदार म्हणाला, देऊ का? मी म्हणालो, नको, हे जुनं आहे.

म्हणजे मला माहीत होतं. हे महत्त्वाचं आहे. पुढं जे केलं ते मी न कळून केलं नाही. बाई बरोबर होत्या हे मी छापलेलं बघून आलो होतो.

त्यानंतर मी वर्गात बसायला गेलो नाही. तो अर्धा तास पोरं मोकळी. आरडाओरडा घरापर्यंत ऐकू यायचा. बायको म्हणाली, 'जात का नाही हो तुम्ही?' मी म्हणालो, माझं काम आहे का ते? बाईंनीही निरोप पाठवला — बाबा, रागावलात का, या ना. मी निरोप आणणाऱ्या पोरीला तसंच परत पाठवलं.

दिवाळीची सुट्टी संपली. करार संपत आला होता. समितीची बैठक लागली. तालुक्याहून एक साहेब आले होते. मुख्याध्यापक सर, आम्ही आठ पालक, आणि कोपऱ्यात बाई. सरांनी विचारलं, बाईंच्या कामाबद्दल कुणाला काही बोलायचंय? नेहमी मी म्हणायचो, काही नाही, ठराव करा. सगळे माझ्याकडे बघत होते. चहा यायचा होता.

मी म्हणालो, 'बाई वेळेवर येत नाहीत. रोज अकरा वाजतात.'

खोटं होतं का हे? नाही. एकेक शब्द खरा होता. म्हणूनच ते जास्त वाईट आहे.

साहेबांनी पेन उघडलं. सरांना विचारलं, असं आहे का? सर टेबलाकडे बघत राहिले — हजेरीत रोज साडेदहा त्यांनीच मांडले होते. त्यांचं त्यांनी बघावं, मी माझं सांगतोय. साहेबांनी बाईंना विचारलं. बाई उभ्या राहिल्या. त्यांना वाटत होतं मी आता पुढचं बोलेन — उशीर होतो, पण मीच सांगितलंय, जीप भरत नाही, आई आजारी आहे. त्या माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या. इतका वेळ थांबल्या की साहेबांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाल्या, 'मी का उशिरा येते ते अध्यक्षांना माहीत आहे. त्यांनीच परवानगी दिली होती.'

साहेब माझ्याकडे वळले.

मी म्हणालो, 'मी? मी कशाला देईन परवानगी? माझ्या पोरांचं नुकसान मी करीन का?'

बस. एवढंच. हे ते आहे. तीन वर्षं झाली नाहीत अजून, पण मला वाटतं पन्नास वर्षं मी हे वाक्य तोंडात घेऊन फिरतोय.

बाई रडल्या नाहीत. 'ठीक आहे बाबा,' म्हणाल्या, आणि पिशवी उचलून वर्गात गेल्या. तास घ्यायला. करार अजून आठ दिवस होता.

साहेब गेल्यावर सरांनी मला व्हरांड्यात गाठलं. म्हणाले, 'बाबा, मी फक्त कच्चं लिहिलंय. ठरावाच्या वहीत उद्या उतरवणार. सकाळी या. रात्रभर विचार करा. आठवलं काही, तर मी कच्चा कागद फाडून टाकतो. साहेबांना मी सांगेन, गैरसमज होता.'

त्या रात्रीचं काय सांगू? तुम्हाला वाटेल, तळमळलो असेन. जेवलो. झोपलो. झोप लागली.

बाई गेल्यावर शाळेला दुसरं कुणी मिळालं नाही. उरलेलं वर्ष सातवीला इंग्रजी झालंच नाही. दर्शना आता दहावीला बसेल, इंग्रजीला शिकवणी लावावी लागते. ती मला शब्द विचारत नाही. सहामाहीनंतर एकदाही विचारलेला नाही. मी ओट्यावर बाईंना काय म्हणालो ते तिनं ऐकलं होतं, तांदूळ निवडताना. बैठकीत काय झालं ते पाड्यात दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं. पोरीनं मला कधी काही विचारलं नाही. जेवायला वाढते, पाणी देते, आजा म्हणते. कधी कधी मला वाटतं, तिनं विचारावं. मग मी काय करीन? ओरडेन तिच्यावर. मी मला ओळखतो.

गेल्या साली, २०१८ च्या मे महिन्यात, पावसाळ्याची सुकी मासळी घ्यायला चिंचणीला गेलो. तलासरीच्या बाजारात मिळते. मग चिंचणीलाच का गेलो? विचारू नका. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील टांगलेले, त्यांच्या खाली एक म्हातारी टोपल्या घेऊन बसलेली. मी भाव विचारत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला — 'बाबा?'

मनीषाबाई. कंपनीचा निळा कोट अंगात. तारापूरला पाकिटं भरायच्या कामाला लागल्या होत्या, पहिल्या पाळीवरून आत्ताच आल्या होत्या. मला त्यांनी पाट दिला, पाणी दिलं. दर्शना कशी आहे, नववीत जाणार ना, असं विचारलं. म्हातारी त्यांची आई. श्वास घेताना शिट्टी वाजत होती. आईनं विचारलं, हे कोण गं? बाई म्हणाल्या, 'माझ्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा.'

मग आई माझ्याशी बोलत बसली. म्हणाली, पोरगी मास्तरीण होती हो आमची, चांगली शिकवायची. कुणी अध्यक्ष होता तिथला, त्यानं घालवली. चार शाळांत गेली, सगळे विचारतात आधीच्या शाळेनं का काढलं. कागदावर लिहिलंय ना, वेळेवर येत नाही. असा कसा माणूस असतो हो? तुमच्याच गावचा असेल, तुम्ही ओळखत असाल.

बाई म्हणाल्या, 'आई, जाऊ दे. बोंबील बांध त्यांचे.'

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाचवत होत्या की मला एक संधी देत होत्या? मी उठून म्हणू शकलो असतो, अहो, तो माणूस मी. तीन शब्द. मी पाणी संपवलं. म्हणालो, निघतो, गाडी चुकेल. गाडीला अजून तास होता. स्टँडवर उन्हात तो तास उभा राहिलो.

आत्ता परत उठलो होतो. परत येऊन बसलो. एकच गोष्ट राहिलीय, ती लिहितो.

बैठकीत जे बोललो ते रागात बोललो, अपमान झाला होता, जीभ सुटली — असं तुम्ही म्हणू शकता. म्हणू नका. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. अंघोळ केली. धुतलेला सदरा घातला, टोपी घातली. शाळा भरायच्या आधी पोहोचलो, पोरं झाडत होती. सर खोलीत एकटेच होते, माझी वाट बघत. वही उघडी होती, पान कोरं. म्हणाले, 'बाबा, आठवलं का काही?'

मी म्हणालो, 'काही नाही आठवलं. लिहा.'

त्यांनी माझ्यासमोर लिहिलं. पुरं होईपर्यंत मी थांबलो. मग वाचून दाखवा म्हणालो. त्यांनी वाचलं. मी पेन घेतलं, खुर्ची पुढं ओढली, आणि माझं, बापाचं, आडनाव — पूर्ण नाव घालून, वळणदार अक्षरात सही केली.